आधी पगार, मग प्रेम

परदेशात गेलेल्या तरुण मुलीची गोष्ट कशी सांगायची, याचा एक साचा ठरून गेला आहे. ती दोन बॅगा घेऊन उतरते. थंडी असते, घरची आठवण असते, बाथरूममध्ये नळ सोडून रडणं असतं. उच्चारांवरून कुणीतरी हसतं. मग एक मुलगा भेटतो. त्याच्यासोबत ती शहर बघते, आणि एके दिवशी तिच्या लक्षात येतं की हे शहर आता आपलं झालंय. हालअपेष्टा आधी, प्रेम नंतर. प्रेम म्हणजे हालअपेष्टांचं बक्षीस.

सिनेमे असेच असतात, वेबसीरिज अशाच असतात आणि लग्नाच्या पंगतीत सांगितल्या जाणाऱ्या 'आमची अमुक अमेरिकेत कशी रुळली' या गोष्टीही अशाच असतात. मला या साच्याविरुद्ध लिहायचं आहे. त्यातलं प्रेम खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. पण हा साचा एक प्रश्न कधीच विचारत नाही. त्या मुलीचा त्या देशात राहायचा आणि कमवायचा हक्क कुणाच्या नावावर आहे?

माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरावर बाकी सगळी गोष्ट ठरते. ज्या बाईला उठून जाता येत नाही, तिचं राहणं प्रेमामुळे आहे की नाइलाजामुळे, हे बाहेरच्यांना कळत नाही. काही काळानं तिलाही कळेनासं होतं.

एलिशला काय मिळालं होतं

या साच्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट घेऊ. कोल्म टोबिन या आयरिश लेखकाची 'ब्रुकलिन' ही कादंबरी २००९ साली आली आणि २०१५ साली तिच्यावर सिनेमा निघाला. आयर्लंडमधल्या एनिसकॉर्थी या लहान गावातली एलिश लेसी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये येते. घरच्या आठवणीनं कोसळते, सावरते, टोनी नावाच्या इटालियन प्लंबरच्या प्रेमात पडते. माझ्या ओळखीतल्या, इथे शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येक मुलीनं हा सिनेमा पाहिलाय आणि पाहताना ती रडलीय. मीही रडले.

पण रडून झाल्यावर घटनांचा क्रम बघा. एलिश बोटीतून उतरते तेव्हा एका दुकानातली नोकरी तिची वाट बघत असते. बायकांच्या बोर्डिंग हाऊसमध्ये खोली ठरलेली असते. हे सगळं चर्चच्या एका धर्मगुरूनं जुळवलेलं असतं. मग ती ब्रुकलिन कॉलेजात रात्रीच्या वर्गात हिशेबनीस व्हायचं शिक्षण घेते. टोनी भेटतो त्यानंतर. म्हणजे तिच्या हातात पगार आधी आला, टोनी नंतर. टोनी उद्या नाहीसा झाला असता तर तिचं मन मोडलं असतं, पण तिची नोकरी, खोली आणि देशात राहण्याचा हक्क यातलं काहीही गेलं नसतं. म्हणून तिचं 'हो' हे खरं 'हो' वाटतं.

हा टोबिनच्या कल्पनेचा चमत्कार नाही, तेव्हाच्या कायद्याचा आहे. त्या काळी अमेरिकेत देशवार कोटा होता. आयर्लंडचा वार्षिक कोटा १७ हजारांच्या वर होता, आणि त्यातून येणारी व्यक्ती कायमची रहिवासी म्हणूनच उतरायची. भारताचा कोटा? १९४६च्या कायद्यानं आपल्याला वर्षाला १०० माणसांची परवानगी दिली होती. अख्ख्या देशाला १००. ही कोटापद्धत १९६५ साली मोडली, तेव्हा कुठे आपल्यासाठी दार नीट उघडलं. त्यामुळे 'ब्रुकलिन' बघून 'अगदी माझीच गोष्ट' असं जेव्हा सांगलीची किंवा अकोल्याची मुलगी म्हणते, तेव्हा मला तिला थांबवून सांगावंसं वाटतं: बाई गं, आठवणीनं रडणं तुझं आहे. कागद तुझे नाहीत.

आणि अजून एक. त्या गोष्टीतही टोनी एकदा घाबरतो. बहिणीच्या मृत्यूनंतर एलिश आयर्लंडला जायला निघते, तेव्हा तो जाण्याआधीच गुपचूप सिटी हॉलमध्ये लग्न करून घेऊ म्हणतो. ती परत येईल की नाही याची त्याला खात्री नसते. एवढ्या मोकळ्या गोष्टीतसुद्धा, अंतर आणि भीती आली की लग्न प्रेमासाठी कमी आणि तारणासाठी जास्त होतं. आपल्याकडे तर ते तारणापासूनच सुरू होतं.

एच-४ म्हणजे काय

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. पण माझा अनुभव असा, की ज्या घरांतून मुली या व्हिसावर पाठवल्या जातात, त्या घरांनाही तो माहीत नसतो.

अमेरिकन कंपनी परदेशी इंजिनिअरला आणते तो मुख्यतः एच-१बी व्हिसा. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून लॉटरी. एच-१बीवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला मिळतो तो एच-४. एच-४वर तुम्ही राहू शकता, शिकू शकता, पण कमवू शकत नाही. नोकरीच नाही असं नव्हे. घरबसल्या पैसे घेऊन शिकवण्या किंवा डबे असलं काहीही नाही. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. नवऱ्याचा एच-१बी संपला की बायकोचा एच-४ संपला. घटस्फोट झाला तरी संपला.

२०१५च्या मे महिन्यापासून एक फट उघडली. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलं असेल, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल, तर बायकोला कामाचा परवाना मागता येतो. त्याला ईएडी म्हणतात. हा परवाना मिळालेल्यांत दहापैकी नऊहून जास्त बायका आहेत आणि दहापैकी नऊहून जास्त भारतीय. पण आय-१४० नवऱ्याची कंपनी भरते. कधी भरायचा, भरायचा की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे एका इंजिनिअर बाईनं काम करायचं की नाही, हे तिच्या नवऱ्याच्या मॅनेजरच्या वेळापत्रकावर ठरतं. तिनं त्याला कधी पाहिलेलंही नसतं.

हा परवानाही आला त्या दिवसापासून कोर्टात अडकला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याविरुद्धचं अपील ऐकायला नकार दिला, तेव्हा त्यावरची दहा वर्षांची टांगती तलवार निघाली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारनं दुसरी सोय काढून घेतली: जुना परवाना संपला आणि नवा यायला उशीर झाला, तर मधल्या काळात काम चालू ठेवण्याची मुभा. आता नव्यानं नूतनीकरण मागणाऱ्यांचं कार्ड वेळेत आलं नाही तर घरी बसायचं.

कुणी म्हणेल, देश त्यांचा, नियम त्यांचे. ठीक आहे. पण मग याच देशाचा दुसरा नियम बघा. कंपनीनं तुम्हाला भारतातल्या शाखेतून अमेरिकेतल्या शाखेत बदलीवर आणलं तर तो एल-१ व्हिसा, आणि जोडीदाराला एल-२. एल-२वाल्या जोडीदाराला २००२पासून काम करता येतं, आणि नोव्हेंबर २०२१पासून तर वेगळा परवानाही लागत नाही. एकाच इमारतीत समोरासमोरच्या दोन फ्लॅटमध्ये दोन मराठी जोडपी. दोन्ही नवरे कोड लिहितात. एक बायको सकाळी आठची ट्रेन पकडते, दुसरी खिडकीतून बघते. फरक फक्त नवऱ्याच्या व्हिसावरच्या अक्षराचा. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला काम करता येतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येतं. त्यामुळे हा निसर्गनियम नाही. कुणीतरी बसून असं ठरवलेलं आहे.

ताईची वही

माझी एक मामेबहीण आहे. पुण्यात चार वर्षं टेस्टिंगमध्ये होती, टीम लीड झाली होती. लग्न करून न्यू जर्सीत, एडिसनला आली. ओक ट्री रोडवर सगळं मिळतं, कांदापोहे ते कांजीवरम. चालत जाण्याच्या अंतरावर मात्र काहीच नाही, आणि गाडी भावजी ऑफिसला घेऊन जायचे.

भावजी वाईट माणूस नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण असल्या गोष्टीत नवरा खलनायक असला की वाचणाऱ्याला बरं वाटतं. चूक त्याची आहे, आपल्याला काही करायचं नाही. भावजींनी कधी तिच्याकडे हिशेब मागितला नाही. तरीही ताई एक्सेलमध्ये हिशेब ठेवायची. भाजी, दूध, तिच्या भुवया, माझ्यासाठी घेतलेलं वाढदिवसाचं कार्ड. पाच वर्षं. तिच्या मनातल्या त्या वहीला भावजींचा कितीही चांगुलपणा पुरला नाही.

त्या पाच वर्षांत त्यांचं भांडण कधी वाढलं नाही. नातेवाईक कौतुक करायचे, किती समंजस जोडपं. भांडण झालं की भावजी 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून गाडी काढायचे आणि ताई बाल्कनीत जाऊन उभी राहायची. ते परत आले की ती चहा टाकायची. तिच्याकडे चहा टाकण्याखेरीज दुसरा पर्यायच नव्हता. आपण ज्याला संसारातला समंजसपणा म्हणतो, त्यातला किती समंजसपणा असतो आणि किती गाडी नसणं असतं?

मग आय-१४० मंजूर झाला, कार्ड आलं, तिला नोकरी लागली. आठ महिन्यांनी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तीन दिवस अबोला. ती दोन रात्री जर्सी सिटीला माझ्याकडे राहिली. चौथ्या दिवशी परत गेली. नंतर मला म्हणाली, "अगं, लग्नाला सहा वर्षं झाली. पण मी त्याच्याकडे राहायला गेले ते त्या दिवशी."

मला वाटतं, माझ्या पिढीतल्या स्थलांतरित मुलीची खरी प्रेमकथा ही आहे. विमानतळावरची मिठी नाही, पहिला बर्फ नाही. जाता येत होतं आणि ती परत गेली, ही.

सध्या तिच्या कार्डाचं नूतनीकरण अडकलंय. मुदत संपली त्या शुक्रवारी तिनं लॅपटॉप परत केला. एक्सेलची ती फाइल पुन्हा उघडली आहे का, हे मी विचारलेलं नाही.

मुलगी इंजिनिअरच हवी

अमेरिकन सरकारवर राग काढणं सोपं आहे. पण या दोरीचं दुसरं टोक आपल्या घरात आहे.

स्थळांच्या बायोडेटात आता उंची, गोत्र, पगार यांच्यासोबत व्हिसाचीही ओळ असते. मुलाचं कोणतं कार्ड कुठवर आलंय, हे मुलाकडचे अभिमानानं सांगतात. आणि अपेक्षांच्या रकान्यात काय? मुलगी उच्चशिक्षित, शक्यतो इंजिनिअर. जिला तिथे गेल्यावर कितीतरी वर्षं काम करता येणार नाही, ती इंजिनिअर का हवी? कारण पदवी ही तिच्या कामाची खूण नसते, आपल्या निवडीची असते. काचेच्या कपाटात ठेवायचा सेट जसा चांगल्यातलाच आणतात, तसं.

मुलीकडचेही काही कमी नाहीत. मुलाचा फ्लॅट भाड्याचा की स्वतःचा, हे विचारतात. दारू पितो का, हे तिऱ्हाइताकडून काढतात. पण 'आमची मुलगी तिथे किती वर्षं बिनपगारी बसेल?' हा प्रश्न विचारला तर तो व्यवहारी, रूक्ष ठरतो. मुलीनं विचारला तर 'आत्तापासूनच नोकरीचं बघतेय, संसाराचं नाही.' आणि तिथे गेल्यावर ती फोनवर रडली तर? सांभाळून घे. छंद जोप. महाराष्ट्र मंडळात जा. मूल होऊ दे, वेळ जाईल.

आपली आठवणसुद्धा अशीच चालते. शिकण्यासाठी एकट्यानं समुद्र ओलांडणाऱ्या मराठी तरुणींची गोष्ट सुरू होते आनंदीबाई जोशींपासून. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा सोबत नव्हता. तो नंतर गेला. न्यू जर्सीतल्या एका बाईंच्या घरी उतरल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात क्षयानं गेल्या. श्री. ज. जोशींची त्यांच्यावरची कादंबरी आणि २०१९चा सिनेमा, दोन्हींचं नाव 'आनंदी गोपाळ'. गोपाळरावांचा वाटा मोठा होता, नाकारत नाही. पण परदेशात एकटी राहिलेली ती होती. तिची गोष्टही आपल्याला जोडीनंच आठवते, कारण एकट्या बाईचा प्रवास आपल्याला अपुरा वाटतो. नवरा आला की पूर्ण होतो.

६० दिवस

आता मला या सगळ्याचं एवढं का लागतं, ते सांगते. मी एच-१बीवर आहे, म्हणजे माझा व्हिसा माझ्या नावावर आहे. इथे शिकले, लॉटरीत नंबर लागला. माझं एका मुलावर प्रेम आहे. तो नागपूरचा, तोही एच-१बीवर.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली. एच-१बीवाल्याची नोकरी गेली की ६० दिवस मिळतात. त्यात नव्या कंपनीनं अर्ज भरायला हवा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या व्हिसासाठी अर्ज करायला हवा, नाहीतर देश सोडायला हवा. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लग्न करून टाकू या. कोर्टात अर्धा तास लागतो. तू माझ्या एच-४वर ये, मग निवांत नोकरी शोध." मित्रमैत्रिणींपैकी प्रत्येकानं हेच सांगितलं. माझ्या ओळखीत तीन जोडप्यांनी हेच केलंय. अगदी शहाणपणाचा सल्ला आहे. कायद्यानं बघितलं तर त्यात फार धोकाही नव्हता. लॉटरीत एकदा मोजलं गेल्यावर मला पुन्हा लॉटरीत जावं लागलं नसतं.

मी नाही म्हणाले.

त्याचा आय-१४० भरलेला नव्हता, हे एक कारण. पण ते लहान कारण. मोठं कारण हे, की त्या ६० दिवसांत दिलेलं 'हो' मी कशाला दिलं, हे मला आयुष्यभर कळलं नसतं. त्यालाही कळलं नसतं. दहा वर्षांनी कधीतरी, वाईट दिवशी, दोघांपैकी एकानं ते बोलून दाखवलं असतं. मी त्याला म्हटलं, "मला तुझ्याशी लग्न करायचंय. म्हणूनच या ६० दिवसांत नाही." तो दुखावला. दोन आठवडे आमचं बोलणं कामापुरतं होतं. आईला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मुलगा हातचा गेला.

५१व्या दिवशी नव्या कंपनीनं माझा अर्ज दाखल केला. हा काही नैतिक विजय नाही. अर्ज आला नसता तर मी ६१व्या दिवसाच्या आत विमानात असते, आणि हा लेख सांगलीतून लिहिला असता. पण तरीही हेच लिहिलं असतं. आम्ही अजून लग्न केलेलं नाही. करायचं आहे. तारीख ठरवताना नोकरीची तारीख बघायची नाही, एवढंच आमचं ठरलंय.

उलट बोलणाऱ्यांसाठी

'कुणी जबरदस्ती केली होती का?' नाही. पण निवड म्हणजे एकदा सही करणं नव्हे. निवड म्हणजे रोज बदलता येईल अशी गोष्ट रोज न बदलणं. एच-४वरच्या बाईनं लग्नाच्या दिवशी निवड केली असेल. दुसऱ्या दिवसापासून कायदा तिच्या वतीनं निवड करतो. आणि नवरा मारहाण करणारा निघाला तर? अमेरिकन नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या पीडित बायकोला १९९४च्या कायद्यानं स्वतःच्या बळावर ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. एच-४वालीला ती वाट नाही. तिच्यासाठी तात्पुरत्या कामाच्या परवान्याची तरतूद २००६ साली कायद्यात आली, आणि त्याचा अर्ज प्रत्यक्ष भरता यायला २०१७ उजाडलं. दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी 'मानवी' ही संस्था न्यू जर्सीत १९८५पासून उभी आहे. एवढ्या सुशिक्षित, सुखवस्तू समाजात ती का लागली, याचा विचार पंगतीत बसलेल्यांनी करावा.

'ही सुखवस्तू लोकांची रडारड आहे.' अंशतः खरं आहे. आखाती देशात घरकामाला गेलेल्या बाईचे हाल याहून कितीतरी भयंकर. पण तिथेही गाठ हीच आहे: तिचा व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला असतो, म्हणून ती मालक सोडू शकत नाही. माणसाचा राहण्याचा हक्क दुसऱ्या माणसाला बांधला की काय होतं, याची ही दोन टोकं आहेत. एका टोकाला उशा मऊ आहेत, इतकंच. तिचं दुःख मोठं आहे म्हणून हिनं गप्प बसावं, असं सांगणारे त्या बाईसाठीही काही करताना दिसत नाहीत.

'अमेरिकन लोकांच्या नोकऱ्या जातात, त्याचं काय?' हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. ईएडीविरुद्ध कोर्टात गेलेली संघटना कॅलिफोर्नियातल्या अशा आयटी कर्मचाऱ्यांची होती, ज्यांच्या जागी एच-१बीवाले आणले गेले. त्यांचा राग खोटा नाही. पण परदेशी कामगार कंपनीला सोयीचा वाटतो तो मुख्यतः बांधलेला असतो म्हणून. तो सहज नोकरी सोडू शकत नाही, जास्त मागू शकत नाही. त्यात बायकोचा व्हिसाही त्याच्याच नोकरीवर टांगला की तो आणखी गप्प होतो. ती कमावती झाली तर तोही मॅनेजरला नाही म्हणू शकेल. म्हणजे ही गाठ सुटण्यात त्या अमेरिकन कर्मचाऱ्याचाही फायदा आहे. आणि भावजींचाही. दोन माणसांचं छप्पर एका नोकरीवर पेलणाऱ्या माणसाची झोप मी जवळून पाहिली आहे.

'प्रेमात हिशेब कसला?' हिशेब चालूच असतो. फक्त तो सरकार, कंपनी आणि दोन्हीकडचे आईवडील ठेवतात. मुलीनं पेन हातात घेतलं की मात्र तो हिशेब होतो.

मग काय करायचं

इथल्या भारतीयांनी निवडणुकीत, सभांमध्ये, खासदारांना लिहिताना ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल बोलावंच. एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत या मर्यादेमुळे आपली रांग दशकांची झाली आहे. पण त्याच दमात एच-४ला पहिल्या दिवसापासून कामाचा हक्क मागावा, एल-२ला आहे तसा. एरवी ही मागणी 'बायकांचा प्रश्न' म्हणून यादीत शेवटी जाते आणि वेळ संपते.

आणि तुम्ही, ज्या हे कदाचित पुण्याच्या मेट्रोत किंवा कोल्हापूरच्या हॉस्टेलवर वाचताय. मुलगा कितीही आवडला असला तरी, आणि आवडला असेल तर जास्तच, चार प्रश्न विचारा. तुझा व्हिसा कोणता आणि सहा वर्षांपैकी किती उरली? आय-१४०चं कुठवर आलंय? तोवर मी इथेच नोकरी करत राहिले आणि मग आले, तर चालेल का? आणि मला एखाद्या दिवशी जावंसं वाटलं, तर तिकिटाचे पैसे माझ्या स्वतःच्या खात्यात असतील का? पासपोर्ट, मार्कशीट, अनुभवपत्रं स्वतःच्या कपाटात ठेवा. भारतातलं खातं बंद करू नका.

चौथ्या प्रश्नावर मुलगा दुखावेल. दुखावू दे, माझाही दुखावला होता. जो दुखावून, विचार करून, उत्तर घेऊन परत येतो, त्याच्यासोबत नव्या देशात राहून बघायला हरकत नाही. कोणत्याही दिवशी निघता येईल, एवढी सोय करून मग राहा, आणि मन लावून राहा.